रांगेत दोघी

व्रांचाच्या डोंगरातल्या त्या गावात जंगल अख्ख्या गावाचं. जो गावात जन्मला, त्याचा वाटा. ते तोडून आरागिरणीला विकायचं की नाही, यावर आज शाळेत मतदान होतं. रांगेत सावेताच्या पुढे म्हातारा तोआदर आणि दिवस भरत आलेली रुक्सांद्रा यांची जुंपली होती. सावेता कान देऊन उभी होती.

“तुम्हाला मूल ना बाळ, तोआदरकाका. राखताय कुणासाठी?”

“माझ्यासाठी ज्यांनी राखलं, त्यांना तरी माझं नाव कुठं ठाऊक होतं?”

“त्यांना इटलीत जाऊन परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करावी लागली नाही. मला घरावर छप्पर हवंय. या पोटातल्या पोरीसाठीच ना?”

“तिला विचारलंस?”

“तिला काय विचारायचं?”

“माझी आईही हेच म्हणाली होती. मी पोटात असताना तिनं विकायच्या बाजूनं हात वर केला होता.”

“मग?”

“हरली. मरेपर्यंत गावाला शिव्या घालायची, अन् त्याच जंगलाच्या सरपणावर आमच्यासाठी मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळायची.”

दार उघडलं.

“जा, पोरी, तू आधी. पोटातली धरून तुम्ही दोघी आहात.”

“मत एकच धरतात, काका.”

“हो ना,” बाजूला सरत तोआदर म्हणाला, “मी तरी दुसरं काय म्हणतोय?”