चहा होईस्तोवर

...न्हाई, पाय उशीवरून खाली घेत न्हाई मी, तुम्ही बसा, पण आधी मला सांगा, जल्दी कशाला म्हणतेत? आमच्या कुंभार पिंपळगावात जीप भरली की निघते, ती जल्दी. पण दवाखान्यातली जल्दी बघितली अन् किळस आली बघा...

तुम्हाला सांगतो, पोटरीत रक्ताची गाठ झाली म्हणून जालन्याला दाखल झालो, तिथं पोटात हेपारिनची इंजेक्शनं टोचून राह्यले, गाठ वाढू नये म्हणून. पोटाची पार चाळणी झाली, अन् एक दिवस डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "काका, प्लेटलेट धपकन खाली आल्या. क्वचित हेच इंजेक्शन उलटतं, गाठी थांबवायच्या ऐवजी नव्या करतं. आजपासून बंद." घ्या. ज्यानं पाय वाचायचा त्यानंच पाय जायचा. मी म्हटलं, मंग दुसरं औषध द्या ना. तर म्हणे ते भारी औषध, इथं मिळत न्हाई, आधी खात्री पाहिजे. "औरंगाबादला टेस्ट होते, जल्दीवाली. रक्त पोचलं की चहा होईस्तोवर उत्तर."

चहा होईस्तोवर. हे ध्यानात ठेवा.

रक्ताची नळी बर्फाच्या थर्मासात घातली अन् नेणार कोण, तर माझा मेव्हणा, साहेबराव. डॉक्टर बजावून म्हणाले, "सरळ लॅबात जा." गेला सरळच, पण औरंगाबादेत शिरताना सरळ रस्त्यावर अप्पारावांचं घर लागतं त्याला मी काय करू? अप्पाराव आमचे व्याही, सुनेचे वडील. आता जावयाचा मामा दारावरून बिनजेवता गेला, तर लोक काय म्हणतील? "मामा, हातपाय धुवा, मटण शिजायला टाकलंच हाय." "न्हाई हो, रक्त घेऊन चाललो." "रक्ताला काय होतंय? फ्रीज हाय की घरात."

फ्रीज हाय! अन् ठेवलं कुठं? वर, बर्फाच्या खणात, उरलेल्या मटणाच्या पिशवीला खेटून. माझं रक्त. इकडं मी पायाचा अंगठा हालतो का बघत पडलेलो, बायको बोटं चाचपून राह्यली, "गार लागतंय का हो?", अन् तिकडं हा गडी रश्श्यातली नळी चोखून राह्यला.

लॅबवाल्यानं दगडासारखी नळी उजेडात धरली. "हे गोठवलं कुणी? खराब झालं. दुसरं आणा."

अन् टेस्ट म्हणे चहा होईस्तोवर.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, आता नळी नको, माणूसच पाठवा, तिथंच दाखल करा. मंग जीपमध्ये मला आडवं घातलं, पाय साहेबरावच्या मांडीवर. व्याह्यांचं घर आलं तसा हा हळूच म्हणतो, "दाजी, पाच मिनिटं..." मी म्हटलं, जीप थांबली तर हाच पाय तुझ्या छातीवर ठेवतो.

लॅबात रक्त काढलं. बाहेर टपरीवर चहा सांगितला, अन् तुम्हाला सांगतो, आलं किसून, उकळून, गाळून कप हातात येतोय तोच आतून आवाज, "काका, रिपोर्ट आला." इंजेक्शन उलटलेलंच होतं. म्हणजे टेस्ट खरंच चहा होईस्तोवरची निघाली हो, तिला नावं ठेवायला जागा न्हाई. उशीर सगळा रश्श्यात झाला. त्याच संध्याकाळी दुसरं औषध लागलं, अन् पाय राहिला.

राहिला, तर अप्पाराव दवाखान्यात आले, तोंड पाडून. "दादा, गावात आलात अन् आमच्या घरचं पाणीसुद्धा न्हाई? आता बरं झालात की पहिलं पाऊल आमच्या उंबऱ्यात." मी म्हटलं, कशाला तकलीफ करता? तर म्हणे, "तकलीफ कसली, मटण आणून ठेवलंय. फ्रीजात."

तोच फ्रीज. तोच वरचा खण...

उद्या तिकडंच निघायचंय. करता काय, सुनेचं माहेर हाय.