उपरण्याचा लेअर

टॅबलेटवर चित्र काढायचा खरा धडा मला कोण्या क्लासात मिळाला नाही बरं का, तो दिला आमच्या उमरीतल्या एका कार्यकर्त्यानं.

जन्मभर ब्रशनं बोर्ड रंगवले अन् पन्नाशीत टॅबलेट घेतला. पहिलंच काम आलं ते साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं. आठ दिवस खपून साहेबांचा चेहरा काढला, वर पक्षाचं उपरणं चढवलं. छापायला देणार, तेवढ्यात कार्यकर्ता धापा टाकत आला.

"पेंटरमामा, घोटाळा झाला! साहेबांनी सकाळीच पक्ष बदलला."

"घाबरतो कशाला? उपरणं वेगळ्या लेअरवर हाय. चेहऱ्याला धक्का न लागता आत्ता पुसतो."

"पुसू नका मामा! नुसतं झाकून ठेवा. निवडणूक झाल्यावर परत लागल."