मागच्या भेटीबद्दल आभार

दुखावलेल्या माणसासमोर प्रथम कोणता शब्द उच्चारावा, हे स्वभाषेतही कठीणच. परक्या भाषेत तर धैर्यच खचते. हूसाविक या उत्तरेकडच्या थंड गावातील सार्वजनिक उष्णकुंडात मी गळ्याएवढ्या पाण्यात बसलो होतो. शेजारी आमच्या गल्लीतली वृद्ध सोलरून आणि लाटव्हियाहून कालच पुन्हा आलेली इल्झे बोलत होत्या.

“सासूबाई इथे रोज येतात ना?”

“हालफ्रीदुर? येईलच आता. का गं, घाबरलीस?”

“नाताळात त्यांनी आंबवलेला मासा वाढला. मी नाक धरून विचारलं, हा मेला कधी? तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.”

“अगंबाई! मग म्हण, टाक फिरिर सीदास्त.”

“म्हणजे माफ करा?”

“म्हणजे मागच्या भेटीबद्दल आभार. पुन्हा भेटलं की इथे सगळे हेच म्हणतात.”

“पण मागच्या भेटीत तर भांडण झालं!”

“भेट तर झाली ना? तेवढ्याचे आभार मान.”

“त्यांना टोमणा वाटला तर?”

“तर बुडी मार, पाणी गरम आहे. ती बघ, आलीच.”

हालफ्रीदुर पायऱ्या उतरून समोरच्या कडेला बसल्या.

“टाक… टाक फिरिर सीदास्त, हालफ्रीदुर.”

हालफ्रीदुर यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले.

“मी चुकीचं म्हटलं का?”

“नाही. आधी खांदे पाण्यात घे, वारा बोचरा आहे. आणि इतकी लांब काय बसलीस? इकडे ये, माझ्याजवळ.”

त्या दोघींना दीर्घ सहवास लाभो, आणि त्यांच्यातील मौन यापुढे केवळ विश्रांतीचे असो.