रवंथ न करणारी गाय

मंडळी, टाळ्या वाजवून हात गरम झाले असतील तर आता जरा कानही गरम करा. पूर्वरंगात खूप मोठमोठं बोलून झालं, निम्मे लोक भिंतीला टेकले, ते मी बघितलंय! आता गोष्ट. पण गोष्टीआधी एक प्रश्न.

एखाद्या वस्तूचं मोल कशावरून ठरवायचं? घेताना किती पडले, त्यावरून? का किती दिवस टिकली, त्यावरून? तुम्ही म्हणाल, आजी, यात काय विचारायचं, चिठ्ठीवर छापलेलं असतं. बरं. मग तुमच्या आईच्या हातच्या भाकरीवर काय छापलेलं असतं, सांगा बघू! गप्प झालात? राहा गप्प. ऐका.

आपल्या रहिमतपुरात विश्वजित देशमाने नावाचा एक मुलगा. मुलगा म्हणायचा आपला, तिशी आलीय, लग्नाचं नाव नाही. सगळे त्याला विशू म्हणतात. स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान. आणि नाद एकच – व्हिडिओ गेम! दहाव्या वर्षापासून खेळतोय. इतका खेळला, इतका खेळला, की अंगठ्याच्या रेघाच पुसल्या. रेशनच्या दुकानात अंगठा लावला तर मशीन म्हणतं, हा माणूस जन्मालाच आलेला नाही! हसू नका. अंबादासराव पेटीवर बसलेत, ते साक्षीला होते. नव्हतात? मग मान कशाला हलवलीत? असू दे. गोष्टीला मीठ लागतं थोडं.

तर असा हा खेळाडू. पण भोळा नाही हं! महा संशयी. गेम बनवणाऱ्या कंपन्यांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. दुकानाबाहेर त्यानं एक काळा फळा लावला होता. त्यावर खडूनं तीन रकाने. खेळाचं नाव, किंमत, किती तास करमणूक. आणि खाली त्याचा नियम – जो खेळ तासाला एका वडापावापेक्षा महाग पडतो, तो खेळू नये. शाळा सुटली की पोरं आधी फळा वाचायची, मग घरी जायची. एका खेळापुढे लिहिलेलं, ‘फुकट म्हणतो, विसाव्या मिनिटाला हात पसरतो.’ दुसऱ्यापुढे, ‘तलवार चारशेची, कापत काहीच नाही, नुसती चमकते.’ आणि फळ्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात – फुकट म्हणून जो पैसे मागेल, त्याला या दुकानातून एक रुपया जाणार नाही.

त्या फळ्यावर अगदी वर एक नाव होतं, ‘नावाडी’. किंमत तीनशे. आणि तासांचा रकाना कोरा! चौदा वर्षं कोरा. कुणी विचारलं की विशू म्हणायचा, खडू संपलाय. चौदा वर्षं खडू संपतो का हो? पण थांबा, त्या कोऱ्या जागेकडे आपण परत येणार आहोत. लक्षात ठेवा.

विशूला आईवडील नाहीत. वाढवलं काकूनं. इंदू काकू. वय अडुसष्ट, साखरेच्या गोळ्या दोन वेळा, आणि जीभ – साखरेचा तिच्याशी संबंध नाही! काकूचा एक नेम होता. चाळीस वर्षांचा. ताट वाढलं की पहिला घास बाजूला काढायचा. गोग्रास. तो गाईच्या मुखी जाईपर्यंत आपण अन्नाला शिवायचं नाही. परसात गंगी नावाची गाय होती, तिला भाकरीचा घास द्यायचा, तिनं खाल्ला की हिनं जेवायचं.

गंगी श्रावणात गेली. म्हातारी होऊन गेली. काकूनं दावं धुऊन खुंटीला टांगलं. रडली नाही, पण जेवण अर्ध्यावर आलं. विशू म्हणाला, गल्लीत शेवंताबाईची गाय आहे, तिला दे घास. काकू म्हणाली, दुसऱ्या गाईच्या तोंडाकडे बघवत नाही रे अजून.

मग या शहाण्यानं काय केलं? गेमचा जाणकार ना! जुना मोबाईल पुसला, त्यात एक खेळ घातला आणि काकूच्या हातात दिला. ‘आनंद गोठा’. फुकट! पडद्यावर पांढरीशुभ्र गाय, गळ्यात घंटा, डोळ्यांत हे एवढं काजळ. हिरवं बटण दाबलं की गवत खाते आणि शेपूट हलवते. कुठलाही खेळ अर्धा तास खेळल्याशिवाय विशू फळ्यावर लिहीत नसे. हा त्यानं किती बघितला? पाच मिनिटं. का? तर काकू हसली! गंगी गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मग कोण पुढचं बघतंय?

मंडळी, आता ऐका हं, काकूनं काय केलं. पहिल्याच दिवशी तिनं मोबाईल तांब्याला टेकवून पाटासमोर उभा केला. त्याला हळदकुंकू लावलं. आणि ताट वाढून म्हणाली, आधी तू खा बाई. बटण दाबलं, गाईनं खाल्लं, मग काकूनं घास तोंडात घातला. अहो, नेमच तो! गोठा बदलला, नेम तोच. आपल्या बायकांना परमेश्वरानं मोबाईलमधून दर्शन दिलं तरी आधी विचारतील, पाय कुठे आहेत, पाणी घालायचंय.

सव्वा महिना सुखात गेला. दिवाळी आली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी काकूनं ताट वाढलं, बटण दाबलं – आणि बटणावर कुलूप! गाईच्या डोळ्यांतून टपटप पाणी. खाली अक्षरं – सणाला गाईला उपाशी ठेवू नका. सोन्याचा चारा, फक्त नव्व्याण्णव रुपये.

काकूनं ताटावर ताट झाकलं आणि उठली.

दुपारी विशू जेवायला आला तर चूल गार, काकू भिंतीला टेकून. गोळ्यांची पट्टी तशीच. काय झालं म्हणून विचारलं तर तिनं मोबाईल पुढे केला. विशूचं डोकं सणकलं. ज्यांच्या विरुद्ध आयुष्यभर खडू झिजवला, ते माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसले! आणि आणून कुणी बसवले, तर मीच. तो काकूला समजावत बसला. हे चित्र आहे, याला पोट नाही, कंपनी तिकडे लांब कुठेतरी बसून तुझ्या मायेवर गळ टाकतेय, आज नव्व्याण्णव दिलेस तर उद्या हजार मागतील, आणि फळ्यावर मी काय लिहिलंय ते गावाला पाठ आहे. काकूनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ताक पिऊन झोपते थोडी.

दुसरा दिवस वसुबारस. त्या दिवशी बायकांना तसाही उपास. संध्याकाळी गायवासराची पूजा, मग बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. म्हणजे काकू आदल्या दिवसापासून उपाशी, आणि आता संध्याकाळपर्यंत आणखी. विशू दुकानात बसला, पण चित्त थाऱ्यावर नाही. एका माणसाचा मोबाईल खोलला आणि त्यात दुसऱ्याचीच बॅटरी घातली!

दिवस कलायला लागला तेव्हा त्याला खेळाडूची युक्ती सुचली. घरी आला, काकूचा मोबाईल घेतला आणि त्यातली तारीख दोन दिवस मागे नेली. म्हणजे कुलूप लागायच्या आधीचा दिवस! खेळाडू लोकांची ही जुनी लबाडी. पण मंडळी, लबाडाला लबाड भेटला. गाय मागच्या दोन पायांवर उभी राहिली, पुढचे पाय जोडले, आणि अक्षरं आली – मालक, तुम्ही मला फसवलंत. आता चारा एकशे एकोणपन्नास.

काकूनं ते वाचलं. तिचा चेहरा असा झाला, जसा विशूनं लहानपणी गंगीची शेपटी ओढली होती तेव्हा झाला होता.

“मुक्या जनावराला फसवतोस?” ती म्हणाली.

“काकू, ते जनावर नाही गं. आणि तू गोळी घेतली नाहीस. चक्कर येऊन पडलीस म्हणजे?”

“पडले तर उचल. लहान होतास तेव्हा मी उचललं की.”

“एका चित्रापायी? हिशेब तरी कर. काय देते ही तुला?”

मंडळी, इथं काकू सरळ बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “गंगी आटली तेव्हा तू बाविशीत होतास. त्यानंतर आठ वर्षं तिनं थेंबभर दूध दिलं नाही. पेंड खाल्ली, कडबा खाल्ला, माझी कंबर मोडली शेण काढून. तुझ्या फळ्यावर लिहायचं तर गंगी तासाला किती वडापावाला पडली रे?”

विशूनं बोटांवर हिशेब मांडायला घेतला. आणि मला सांगा, तुमच्यापैकी कुणाला जमला? ज्या कंपनीला तो शिव्या घालत होता, ती माणसाच्या मायेला भाव लावते. आणि हा? हा करमणुकीला वडापाव लावत होता! मोजमाप निराळं, तराजू एकच. हे त्याला तिथं, त्या पाटासमोर कळलं. आणि का कोण जाणे, डोळ्यासमोर आला तो कोरा रकाना.

त्यानं खिशातून स्वतःचा मोबाईल काढला. दाबला अंगठा, तो रेघा पुसलेला अंगठा! आणि एकशे एकोणपन्नास रुपये भरले. फळा, नियम, गावातली अब्रू, सगळं त्या एका दाबण्यात गेलं. म्हणाला, “घे. खाईल आता. पण तिनं खाल्लं की तू जेवायचंस.”

वरून सोन्याचं गवत पडलं. ढोल वाजले, फुलं उधळली, गाईनं चार सेकंदांत चारा फस्त केला. काकूनं हात जोडले. विशूनं संध्याकाळसाठी वाढून ठेवलेल्या ताटावरचं ताट काढलं.

“थांब,” काकू म्हणाली. “आता बसेल ती. बसली की जेवते.”

दोघं बघत बसले. टण्! घंटा वाजली. गाय तोंड उघडून उभी – आता पेंड, एकशे नव्व्याण्णव. काकूनं ऐकलंच नाही. म्हणाली, बसेल. पाच मिनिटं झाली. टण्! झूल, दोनशे नव्व्याण्णव. दहा मिनिटं झाली. टण्! शिंगांना रंग. पडद्यावर ऊन मावळलं, चांदणं पडलं, गाय आपली उभीच, तोंड उघडंच. काकू पुढे वाकली, चष्मा वर केला, खाली केला. चाळीस वर्षं गोठ्यात काढलेली बाई ती. गुरांचा डॉक्टर यायचा तो आधी हिला विचारायचा आणि मग सुई काढायचा!

“विशू,” ती म्हणाली, “ही रवंथ करत नाही.”

“काय?”

“खाल्ल्यावर गाय बसते. डोळे मिटते. खाल्लेलं परत तोंडात आणून सावकाश चघळते, आणि तेव्हा तिच्यासमोर हिरवा चारा धरलास तरी बघत नाही. ही नुसती गिळते आणि आणखी मागते.” मग जरा विचार करून, “रवंथ न करणारी गाय एक तर आजारी असते. पण आजारी म्हणावं तर शेपूट हलतंय.”

“मग काय आहे काकू?”

“दुकान आहे,” काकू म्हणाली. “शेपूट लावलेलं.”

बघा! विशूनं दोन दिवस डोकं फोडलं. कंपनी, गळ, हिशेब, सगळं सांगून झालं. त्यानं जे झालं नाही, ते म्हातारीच्या नजरेनं पंधरा मिनिटांत केलं. कारण तिला खेळ माहीत नव्हता, पण गाय माहीत होती!

काकूनं मोबाईलवरचं कुंकू पदरानं पुसलं. ताटातला घास उचलला. क्षणभर खुंटीवरच्या दाव्याकडे बघत राहिली. मग पायात चपला घातल्या. विशू मागे. उतरत्या उन्हात दोघं शेवंताबाईच्या गोठ्यात गेले. तिथं पूजेचं ताट तयारच होतं, गाय वासराला चाटत उभी होती. काकूनं घास पुढे केला. गाईनं आधी हुंगलं, मग काकूचा सगळा पंजा चाटला, मग खाल्लं. आणि थोड्या वेळानं मंडळी – बसली. डोळे मिटले. जबडा हळूहळू डावीकडून उजवीकडे. काकू तिच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवरून हात फिरवत राहिली आणि गंगीसाठी जे रडायचं राहिलं होतं, ते तिथं रडून घेतलं.

घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. आणि गोळी घेताना विशूला म्हणाली, “एकशे एकोणपन्नास घालवलेस ना मूर्खा? गवार वाढ आणखी.”

आता फळा! दुसऱ्या दिवशी सकाळी विशूनं फडकं घेतलं आणि वडापावाचा नियम पुसला. पोरं गोळा झाली. त्यानं ‘आनंद गोठा’ लिहिलं आणि पुढे, ‘मी एकशे एकोणपन्नास भरले. गाय रवंथ करत नाही.’ पोरं आधी हसली. पण गंमत बघा, महिन्याभरात शाळेत तोच भाव चालू झाला. नवा खेळ आला की एक पोरगं दुसऱ्याला विचारणार, रवंथ होते का रे? म्हणजे बंद केल्यावर मनात काही उरतं, का नुसतं आणखी मागतो?

आणि तो कोरा रकाना? सोळाव्या वर्षी विशूनं पैसे साठवून आठवड्याच्या बाजारातून गेमची एक तबकडी आणली होती. एक म्हातारा नावाडी, एक नदी, एकेक माणूस पलीकडे न्यायचा. खेळ चार तासांत संपला. तीनशेला चार तास! तेव्हाच्या भावानं तासाला नऊ वडापाव आणि वर मिरची. त्याच्याच नियमानं तो खेळ नापास. म्हणून चौदा वर्षं त्याला लिहिता येईना आणि पुसवेना. कारण दुकानाचं शटर ओढताना, पावसात स्टँडवर उभं असताना त्याला अजून तो नावाडी आठवायचा. शेवटचा माणूस उतरल्यावर रिकाम्या नावेत बसलेला.

विशूनं खडू उचलला. आणि तासांच्या रकान्यात लिहिलं – ‘अजून चालू आहे.’

झाली गोष्ट. आता तुमची पाळी! तुम्हाला वाटलं, हे पोरांसाठी होतं. ताई, तुम्ही मघापासून पदराआड साड्या बघताय, त्या रवंथ करतात का? दादा, सकाळपासून तीनशे व्हिडिओ सरकवलेत, एक आठवतोय? खाताय सगळे, बसत कुणीच नाही! देवानं जन्माचं कुरण फुकट दिलंय. पण चरता चरता कधी सावलीला बसावं, डोळे मिटावेत आणि त्याचं नाव सावकाश चघळावं, एवढंच त्याचं मागणं.

आता आरतीचं ताट फिरेल. जे घालायचं ते घाला, नाही घातलंत तरी प्रसाद तेवढाच मिळेल. इथं कसलंही कुलूप उघडायचं नाहीये. आणि घरी गेल्यावर कुणी विचारलं, आजीनं काय सांगितलं, तर लगेच उत्तर देऊ नका. आधी बसा. चघळा. अंबादासराव, धरा सूर! म्हणा सगळे – विठ्ठल, विठ्ठल!