कुंकवाखालचा ढग

बसा, मंडळी. पुढं सरका. मागं थोडी जागा ठेवा — ट्रॉलीची एक खेप अजून वर यायची आहे.

एक प्रश्न विचारतो. उत्तर आत्ताच देऊ नका. मांडीवर घेऊन बसा. — आपण नमस्कार करतो तो देवीला, की देवीच्या जागेला?

हसू नका! मघाशी त्या खांबाशी उभा राहून मी पाहत होतो. गाभाऱ्याचं काम चाललंय. कडजाई आपली श्रावणापासून इकडं, डाव्या हाताच्या ओवरीत येऊन बसलीय. फुलं इकडं, समई इकडं, पुजारी इकडं. आणि तुम्ही? पायरी चढलात, घंटा वाजवलीत, डोळे मिटलेत आणि हात जोडलेत — कुणाला? सिमेंटच्या पोत्यांना! एका माउलीनं तर पोत्याला हळदीकुंकू वाहिलं. पोतं सवाष्ण झालं!

झालं हसून? मग आता ऐका. जागा हलली, तर माणसानं धरायचं काय?

याच डोंगरावरची गोष्ट. गेल्या वैशाखातली. तुम्ही म्हणाल, बुवा, ट्रॉली अडकली होती तीच ना, ठाऊक आहे. तुम्हाला अडकली एवढंच ठाऊक! का सुटत नव्हती, ते त्या काचेच्या खोलीतल्या माणसाला ठाऊक.

रंगनाथ धुमाळ. रंगनाथअण्णा. वरच्या स्टेशनात कॉम्प्युटरपुढं बसतात आणि तुम्हाआम्हाला दोरावरून वर आणतात. रोपवे सुरू झाला तेव्हापासून त्या खुर्चीत तेच. हात माउसवर, डोळे खिडकीबाहेर. पडद्याकडं बघायची गरजच नाही! खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण. ते दाबलं की यादी उघडायची, यादीत 'धीमी चाल'. म्हणजे काय, तर वारा सुटला की ट्रॉली बैलगाडीच्या वेगानं आणायचा प्रोग्राम. कोपरा — धीमी चाल — झालं. पोळी लाटणारी बाई पोळपाटाकडं बघते का? तसं.

आणि त्या कोपऱ्यावर कुंकू!

कसं? खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. अण्णांचं हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. कलावतीवहिनी, त्यांच्या पत्नी, ताट घेऊन आल्या. झेंडूचा हार घातला आणि विचारलं, "अहो, याला कपाळ कुठं?"

अण्णांनी कोपऱ्यातलं बटण दाखवलं. "इथं लाव. सगळं इथूनच सुरू होतं."

वहिनींनी नेमकं तिथं, काचेवर, बोट टेकवलं. तेव्हापासून नेम. कामावर आले की टिळ्याला बोट, बोट कपाळाला, मग ट्रॉली. दर मंगळवारी देवीचं कुंकू आणून टिळा ताजा करायचा. आता सांगा, यात वाईट काय? काहीच नाही. मलाही आवडलं.

मग पाडवा झाला. सगळीकडच्या कॉम्प्युटरांना वरूनच नवा साज चढला. एका सकाळी अण्णा आले, पडदा उजळला — आणि हे कुणाचं घर?

कोपरे गोल! रंग असे, की जणू सगळं साबणाच्या पाण्यातून काढलंय. नावं गेली, नुसती चित्रं आली. ते बटण कोपऱ्यातून उठलं आणि खाली मधोमध, चित्रांच्या रांगेत, पाहुण्यासारखं जाऊन बसलं. जुन्या कोपऱ्यात आता एक ढग. बारका. तो दाबला की अर्धा पडदा भरून हवामान, बातम्या आणि कुण्या नटीचं लग्न!

थांबा. मी काही नव्याची वकिली करत नाही. नवं चांगलं नव्हतं! ज्यानं बटण हलवलं, त्यानं अण्णांना विचारलं होतं? रोज ज्याचा हात तिथं पडतो, त्याला विचारलं होतं? नाही. बँकेत लोक वैतागले, कचेरीत वैतागले. तुमच्यापैकी कुणीकुणी शिव्या घातल्यात, हात वर करा. बघा — पेटीवाल्यांचाही वर! सूर कोण धरणार आता?

तर राग खरा होता. रागानं पुढं काय केलं, ते ऐका.

रोपवेच्या कंपनीनं कुलथे नावाचे इंजिनिअर शिकवायला पाठवले. अण्णा चहाला बाहेर गेले. जाताना म्हणाले, हा दोर ओढला तेव्हा तुम्ही पाटी घेऊन शाळेत जात होता. कुलथे भला माणूस, मागोमाग टपरीवर गेला. म्हणाला, अण्णा, रोजची ट्रॉली पडद्यावरच्या त्याच खिडकीतून चालेल, तिथं काही बदल नाही. पण 'धीमी चाल' आता दुसरीकडून उघडते. एकदा हातानं उघडून बघा.

अण्णा म्हणाले, "वारा सुटला की बघू."

मंडळी, हे वाक्य जपून ठेवा.

अण्णा कुंकू मात्र लावत राहिले. त्याच कोपऱ्याला. मनात पक्कं, की वरवर काही का असेना, खाली आपलं बटण आहेच!

त्याच दिवसांत घरी काय झालं? वहिनींनी स्वयंपाकघरातली फळी आवरली. डबे इकडचे तिकडं. अण्णांनी दुपारी चहा केला, हात गेला जुन्या जागी, आणि चहात पडलं मीठ. डबा का हलवलास म्हणून घर डोक्यावर घेतलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "डबा काचेचा आहे. बघितलं असतं तर दिसलं असतं."

झालं! अबोला. तुमच्याकडं किती दिवस टिकतो, मी विचारत नाही. त्यांचा वैशाख लागला तरी टिकला होता.

तबलजी — नुसता ठेका. हलका. हं.

मंगळवार. दुपार कलली होती. वहिनी ओटी घेऊन पायथ्याशी आल्या आणि ट्रॉलीत बसल्या. नवऱ्याला सांगितलं? अबोला होता ना! ट्रॉलीत आणखी एक नवं जोडपं, अंगाची हळद न उतरलेलं, आणि एक बाई मांडीवर तान्हं घेऊन. दार लागलं. दोर हलला. वर निघाले.

अर्ध्या वाटेवर वारा आला.

तुम्ही आज आलात ना त्या वाटेनं? मधला लोखंडी खांब पाहिलात? त्याच्या तोंडाशी ट्रॉली, आणि वाऱ्याचा काटा पिवळ्यावर गेला. पिवळ्यावर गेला की यंत्र आपणहून ट्रॉली थांबवतं. थांबवली. इथवर सगळं ठीक. काटा पिवळ्यात आहे तोवर धीमी चाल लावून ट्रॉली वर घेता येते. पण काटा तांबड्यावर गेला — की यंत्राला कुलूप! मग वारा पडेपर्यंत ट्रॉली जिथं आहे तिथं. आणि ती कुठं? खांबाच्या तोंडाशी. झोका आला, की खांब आणि पत्रा यांच्यात हातभर अंतर उरत होतं.

कुणी म्हणेल, बुवा, दुसरी सोय नसते का? असते! डिझेलचं इंजिन आहे. ते चालवणारा दस्तगीर मिस्त्री त्या वेळी पायथ्याशी. फोन लागताच निघाला बिचारा. पण कशानं येणार? ट्रॉली तर बंद! पायऱ्यांनी.

म्हणजे उरलं कोण? अण्णा. आणि माउस.

हात गेला कोपऱ्यात. टिळ्यावर. दाबलं.

ढग उघडला! अर्ध्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत — आज सोसाट्याचा वारा.

हसताय? अण्णा हसले नाहीत. त्या बातमीखाली ट्रॉलीची खिडकीच झाकली गेली. त्यांनी ती बातमी बंद केली. हात पुन्हा कोपऱ्यात. पुन्हा ढग, पुन्हा नटीचं लग्न. बंद. पुन्हा कोपरा! अहो, हात ऐकेचना! डोळ्यांना कळतंय, हाताला कळत नाही. बाहेर दोर कण्हतोय. काटा पिवळ्यात वर सरकतोय.

म्हणा माझ्याबरोबर —

*देव हलला, डोळा हलेना!*
*देव हलला, डोळा हलेना!*

— बस. टाळ थांबवा. फोन वाजला.

वहिनींचा. इतक्या दिवसांनी. अण्णांनी न बघता उचलला आणि म्हणाले, मी कामात आहे, नंतर.

"अहो, मी ट्रॉलीत आहे."

मंडळी, त्या खोलीत काय झालं असेल? काही नाही झालं.  अण्णांनी काचेतून खाली बघितलं. तो निळा डबा, झोके खाणारा. त्यात आपलं माणूस. आणि हात? हात पुन्हा कोपऱ्यात!

वहिनींनी पलीकडून माउसचा आवाज ऐकला. टक. टक. टक. विचारलं, काय करताय? अण्णा बोलू लागले आणि थांबेचनात. बटण नाही, यादी नाही, नावं नाहीत, ज्यानं हे केलं त्याचं वाटोळं होवो. ट्रॉलीत ते तान्हं रडायला लागलं होतं. नवी नवरी नवऱ्याचा हात सोडून खालची दांडी धरून बसली होती. वहिनींनी एका हातानं ओटीचं ताट दाबून धरलं.

"साखरेचा डबा शोधू नका," त्या म्हणाल्या. "फळीवर काय काय आहे, ते सांगा."

"काय?"

"काय नाही ते पुरे. काय दिसतंय ते वाचा मला. डावीकडून."

आणि अण्णा वाचायला निघाले. नजर डाव्या कोपऱ्यावर आली, आणि तिथंच अडकली. म्हणाले, "इथं तुझं कुंकू आहे. याच्याखाली बटण आहे गं. होतं."

"पुसा ते."

वारा. नुसता वारा.

अण्णा म्हणाले, "कलावती, तू तिथं लटकलेली. आणि मी कुंकू पुसू?"

सांगा, मंडळी! तुम्ही पुसलं असतं? बायको वाऱ्यावर टांगलेली, खाली दरी, आणि तिनंच लावलेलं, देवीचं, दर मंगळवारी ताजं केलेलं कुंकू — कुणाचा हात उचलेल? मी माझं सांगतो, माझा उचलला नसता.

वहिनी म्हणाल्या, "लावलं मी. मीच सांगते. कुंकू यंत्राला लावलं होतं मी, कोपऱ्याला नाही. पुसा."

अण्णांनी डोळे मिटले नाहीत. शर्टाच्या बाहीनं पुसलं. एकदा — फिसकटलं. थुंकी लावून पुन्हा पुसलं. काच दिसली.

आणि काचेखाली काय होतं?

ढग.

एवढंच. एक बारका, पांढरा ढग. पाडव्यापासून रोज सकाळी अण्णांनी ज्याच्यावर बोट टेकवून कपाळाला लावलं, तो ढग! बटण तिथं नव्हतंच. केव्हापासूनच नव्हतं.

कुंकू गेलं आणि हात मोकळा झाला. आता वाचू लागले, पहिलीतल्या मुलासारखं. "ढग आहे. मग रिकामं. मग चार खणांची निळी चौकट. मग भिंग. मग पिवळं पाकीट."

"चौकट दाबा."

दाबली. मधोमध एक पाटी उघडली. सगळी अनोळखी चित्रं. "यात आपलं काही नाही."

"कडेला बघा. वर बघा."

"वर उजवीकडं बारीक अक्षर आहे. 'सर्व' म्हणून."

"दाबा."

यादी! लांबलचक, ओळखीच्या नावांची यादी! अण्णा एकेक नाव वाचत खाली उतरायला लागले. काटा तांबड्याच्या कडेला टेकला होता. ट्रॉली खांबाकडं गेली, परत आली, आणि पुन्हा जाताना तिचा पत्रा खांबाला घासला. तो आवाज अण्णांना फोनमधून ऐकू आला.  अण्णांनी वाचणं सोडलं नाही. सोडलं असतं तर डोळे खिडकीकडं गेले असते, आणि हात? ठाऊक आहे कुठं गेला असता!

"धीमी चाल," अण्णा म्हणाले. "सापडली."

"मग आणा की वर."

दोर हलला. ट्रॉलीनं खांब ओलांडला, पावला-पावलानं, म्हातारी उंबरा ओलांडते तशी. काटा तांबड्यात गेला का? गेला! पण तोवर ट्रॉली फलाटाला लागली होती आणि ती तान्हेवाली बाई जमिनीवर बसून रडत होती. नंतर दस्तगीर मिस्त्री पायऱ्या चढून वर पोचले, घामानं निथळत, आणि विचारू लागले, इंजिन कुणी चालू केलं? इंजिन तर थंडच होतं!

वहिनी काचेच्या खोलीत आल्या. नवरा उठून उभा. बाहीवर लालभडक डाग. त्या डागाकडं त्यांनी पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. ओटीच्या ताटातलं कुंकू घेतलं आणि बोट टेकवलं — काचेवर नाही. बाहेरच्या काळ्या चौकटीवर.

"आता आत काहीही हलू दे," त्या म्हणाल्या. "घरी चला. चहा तुम्ही करा. बघून."

आज खाली उतरताना त्या खोलीत डोकावा. टिळा चौकटीवर आहे. अण्णा पडद्याकडं बघून काम करतात आणि त्या गोल कोपऱ्यांना अजून रोज शिव्या घालतात. घालू द्या! शिव्या घालायला हरकत नाही. बघून घाला.

आता तुमचं. मांडीवरचा प्रश्न जागा आहे ना? सूनबाईनं देवघर हलवलं म्हणून वर्षभर दिवा न लावणाऱ्या आजी इथं बसल्यात. नाव घेत नाही. मुलगा बदलला, पूर्वीसारखा बोलत नाही म्हणता. तो आता कसा बोलतो, ते शेवटचं कधी ऐकलंत? पूर्वी तो जिथं होता, तिथंच बोट टेकवून बसलायत तुम्ही! काय नाही, ते तोंडपाठ आहे. काय आहे, ते एकदा डावीकडून वाचा. वाचताना काही पुसावं लागेल. लावलेलं आपणच असेल, प्रेमानं लावलेलं असेल, हात उचलणार नाही. आणि बाहेर काटा सरकत असेल.

असो. शेवटची खेपही आली वाटतं. आरतीची वेळ झाली. टाळ घ्या. उठा सगळे —

— मंडळी! तिकडं कुठं तोंड केलंत? ती पोती आहेत!

देवी इकडं बसलीय.