मैदानाचे अर्ज

मी मूळचा साताऱ्याचा. भोपाळच्या सरकारी कारखान्यात आवक-जावक कारकून म्हणून लागलो, टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आणि समोर मैदान. लग्न होऊन ही आली ती नुसती रडायची, इथे आपलं कुणी नाही म्हणायची, मग संध्याकाळी मैदानात बायका बसायच्या, बंगाली, मल्याळी, सगळ्या, त्यांच्यात रमली, हिंदी तिथेच शिकली. मैदान कसलं, माती आणि चार कडुलिंब, पण हिचं ते माहेरच म्हणा ना.

मग एक दिवस नोटीस लागली, मैदानाची जागा दुकानांना दिली. ही म्हणाली, अहो, कोर्टात जा. मी म्हटलं, अगं बाई, नोकरीतला माणूस असा उठून कोर्टात जात नसतो, आधी साहेबांमार्फत अर्ज. काय सांगू तुम्हाला, जन्म गेला माझा कागद वर पाठवण्यात. अर्ज केला, उत्तर नाही, स्मरणपत्र दिलं, त्यालाही नाही, दुसरं दिलं, तिसरं दिलं, प्रत्येकाची शिक्क्यासकट पोच घेतली, फाइलला लावली. साहेब म्हणायचे, अरे भाई, ऊपर भेजा है. मी घरी येऊन सांगायचो, वर गेलंय. ही म्हणायची, वर म्हणजे कुठे, देवाकडे? तोवर तिकडे पाया खणला, तरी मी आपला थांबलोच. मूर्ख, दुसरं काय.

रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, भोपाळच्याच बाहेरच्या अंगाला मिसरोदला फ्लॅट घेतला. आता भीती कुणाची? जबलपूरला हायकोर्टात जनहित याचिका टाकली. जुन्या शेजाऱ्यांना म्हटलं, तुम्हीही सही करा, तर म्हणाले, भाईसाहब, हमारी नौकरी है. त्यांना तरी काय बोलणार, मीही तेच म्हणालो असतो.

जज्जसाहेबांनी पहिल्यांदा हेच विचारलं, तुम्ही राहता कुठे? मिसरोदला. मग त्या मैदानाशी तुमचा संबंध काय? मी म्हटलं, साहेब, तीस वर्षं राहिलोय. वकिलाने माझी बाही ओढली. मग विचारलं, इतकी वर्षं कुठे होतात, आता दोन मजले उभे राहिले. वकिलाने फाइल पुढे केली. त्यांनी शांतपणे चाळली आणि माझ्याच पहिल्या अर्जाची तारीख वाचून दाखवली, म्हणाले, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, अर्जावर अर्ज केले म्हणून उशीर माफ होत नाही. याचिका खारीज. इतकी नीट लावलेली फाइल हो, तीच माझ्यावर उलटली.

घरी येऊन हिला सांगितलं. हं म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मलाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही, खोटं कशाला बोलू? ती आता खाली उतरत नाही, गॅलरीत बसते.

परवा आमच्या सोसायटीतली मंडळी आली, इथल्या बगीच्याच्या जागेवर कुणीतरी बांधकाम काढतंय, काका, तुम्हाला अनुभव आहे. मी म्हटलं, उद्याच्या उद्या वकील गाठा, तुम्ही इथले राहणारे आहात, तुम्हाला कुणी विचारणार नाही तुमचा संबंध काय म्हणून. ते म्हणाले, हो हो, जाऊ की, पण आधी एक अर्ज देऊन बघू, रीतसर बरं दिसतं. पुन्हा एकदा सांगितलं. मग चष्मा लावला आणि लिहून दिला. चांगला झालाय अर्ज. देव त्यांचं भलं करो.