एका धारेचं बिट

सेलूच्या बसस्थानकात पाथरीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. समोरच्या बाकावर एक जोडपं होतं, मशीनला बिट म्हणजे फिरतं पातं लावून नावाच्या पाट्या कोरणारं. दोघांच्या मधे ॲक्रिलिकची नवी शीट उभी होती.

“आता ह्या शीटला तरी लाकूड कोरायचं बिट लावू नका.”

“धारदार हाय ते, कोकिळा.”

“दोन धारांचं हाय. भुसा बाहेर पडंना, आतच चिकटायलाय. डॉक्टरीणबाईंचं नाव वितळलं ते त्याच्यानंच. उद्या त्यांचा दवाखाना उघडायचाय.”

“म्हनून तर मशीन हळू सरकवली. म्हनलं, नाजूक माल हाय, दमानं कापू.”

“तिथंच चुकलं. बिट एका जागी घासत बसलं की तापनारच. फिरायची स्पीड कमी करा, पुढं सरकायची वाढवा. आन् एका धारेचं बिट लावा.”

“तुला कुनी सांगितलं?”

“काल तुमी जेवायला गेलात तवा तुकड्यावर करून बघितलं.”

“मशीनला हात लावू नको म्हनलं होतं ना?”

“लावला. हा बघा.”

तिच्या पिशवीतून निघालेल्या तुकड्यावर नवऱ्यानं नख फिरवलं.

“कड साफ आलीय. स्वतःचंच नाव कोरलंस व्हय?”

“दुसरं सुचलं न्हाई.”

“काल का न्हाई दाखवलंस?”

“तुमचं तोंड उतरलं होतं.”

“घरी गेलं की पाटी तूच काप.”

“आन् तुमी?”

“मी जरा पडतो. लय दमलोय, कोकिळा.”